बुधरीनं न लावलेली आग

रानाच्या कडेला पंचवीस-तीस घरांचं एक गाव होतं. तिथे बुधरी नावाची एक बाई राहायची. वय साठीच्या पुढे गेलेलं, पण पाठ ताठ आणि पाय एका जागी ठरत नसत. तिच्या वाट्याला मोहाची सहा झाडं होती. त्या भागात रानातले मोह घराघरांत वाटलेले असतात. कुणाचं झाड कोणतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही.

बुधरीचा नवरा तापानं गेला तेव्हा तिची लेक सोमारी दोन वर्षांची होती. त्या वर्षी धान पिकलं नाही. बुधरीनं मोहाची फुलं वाळवली, शिजवली, लेकीला भरवली आणि उरलेली आपण खाल्ली. मोहाच्या बियांना तिकडे टोरी म्हणतात. टोरीचं तेल काढून तिनं त्यावर स्वयंपाक आणि दिवा दोन्ही भागवले. वर्ष निघालं. पुढेही अशी वर्षं आली आणि निघाली. म्हणून दर हंगामात पहिली ओंजळभर फुलं ती थोरल्या मोहाच्या बुंध्याशी ठेवायची, कपाळ टेकायची आणि मगच टोपलं भरायला घ्यायची. हे ती कुणाला दाखवायला करत नसे. त्या झाडांवर तिची खरोखर माया होती.

मोहाची फुलं पहाटेपासून टपटप खाली पडतात. झाडाखाली पाचोळा असला की ती त्यात हरवतात. म्हणून फुलं पडायच्या आधी, फाल्गुनात, गावातले लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देत. दुपारभरात जमीन काळी आणि मोकळी व्हायची. या कामात बुधरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या झाडांखाली काडी दिसायची नाही. आजूबाजूला धायटीची, करवंदाची झुडपं उगवली तर ती त्यांना गचपण म्हणायची आणि कोयत्यानं साफ करून आगीत लोटायची. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलींना बायका सांगत, "जमीन कशी ठेवायची ते बुधरीकाकीकडून शीक." सगळ्या गावाच्या वतीनं फाल्गुनातला पहिला विस्तव बुधरीनंच लावायचा, असा रिवाजच पडून गेला होता. तो मान तिला आवडायचा.

पुढे हवा बदलू लागली. थंडी चार दिवस येऊन निघून जायची. माघातच ऊन चटके द्यायचं. मोहाला वेळेआधी फुलं धरायची आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस यायचा. सकाळी टोपलं घेऊन जावं तर फुलं चिखलात काळी पडून सडलेली. एका वर्षी गारांनी कळ्याच झोडपून काढल्या. उन्हाळे लांबले. झाडांचे शेंडे वाळले, फांद्यांमधून किड्यांनी पोखरलेला भुसा गळू लागला. बुधरी वर बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, अजून थोडं सोस.

मग एका वैशाखात भर दुपारी वादळ आलं. तासाभरात थोरला मोह मुळासकट आडवा झाला आणि जाताना शेजारच्याला घेऊन गेला. बुधरी धावत आली. मुळं आभाळाकडे झाली होती आणि त्यांना चिकटलेली माती अजून ओली होती. ती संध्याकाळपर्यंत त्या खोडावर हात ठेवून बसली. सोमारी न्यायला आली तरी उठली नाही.

गावाचा गायता, म्हणजे गावाची पूजा आणि न्यायनिवाडा पाहणारा झुरू उसेंडी, तिच्याजवळ येऊन बसला. तो म्हणाला, "हवा बिघडली, बाई. कुठं दूर लोक काय काय जाळतात, अन् झळ आपल्या रानाले लागते. आपण काय करणार?"

बुधरीला ते पटलं. आपला दोष नाही हे ऐकून तिला जरा बरंही वाटलं.

पाऊस लागल्यावर तिनं ठरवलं, थोरल्या मोहाच्या जागी एक नवं रोप लावायचं. त्याचे उपकार होते, तेवढं तरी करावं. उरलेल्या झाडांखाली दर पावसाळ्यात मोहाची वीतभर रोपं उगवलेली असायची. ती या वर्षीच्या बियांची आहेत असंच तिला वाटायचं. त्यातलं एक तिनं निवडलं. एवढंसं रोप, हातानं उपटून येईल म्हणून तिनं ओढलं. ते हललं नाही. कुदळीनं बाजूची माती काढली. तरी हललं नाही. तिनं आणखी खोल खणलं आणि थांबली.

वर वीतभर रोप होतं, पण खाली मनगटाएवढं जाड मूळ होतं. मुळाच्या डोक्यावर जळक्या काड्यांची खुंटं होती, एकमेकांना चिकटून, काळी. बुधरी गुडघ्यावर बसली आणि बोटानं ती मोजू लागली. अकरापर्यंत मोजता आली. त्याखालची कुजून गेली होती.

ते या वर्षीचं रोप नव्हतंच. ते दर पावसाळ्यात उगवत होतं आणि दर फाल्गुनात जळत होतं. पुन्हा उगवत होतं, पुन्हा जळत होतं. वाढायला त्याला एकही वर्ष मिळालं नव्हतं. आणि अकराच्या अकरा वेळा विस्तव लावणारा हात तिचाच होता.

तिनं दुसरं रोप उकरून पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे तेच.

मग तिच्या मनात आलं की आपण कंबरेएवढा मोह कधी पाहिलाय का. थोर झाडं पाहिली होती, वीतभर रोपं पाहिली होती. मधलं कधी दिसलंच नव्हतं. ती रानात हिंडली. दोन दिवस हिंडूनही तिला एक तरुण मोह सापडला नाही. तिसऱ्या दिवशी ती ओढ्यापलीकडच्या खडकाळ जागेत गेली. तिथे कुणाचं झाड नव्हतं म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे, आणि ओढा मध्ये असल्यानं आगही पोचत नसे. धायटी आणि करवंद इतकं माजलं होतं की तिला वाकून आत शिरावं लागलं. आत गारवा होता. पायाखाली पाचोळा मऊ आणि दमट होता. आणि त्या काट्यांच्या आडोशाला, गुराढोरांच्या तोंडापासून आणि उन्हापासून वाचलेले, तीन तरुण मोह सरळ उभे होते. तिन्ही तिच्या डोक्याच्या वर गेले होते.

ज्याला ती जन्मभर गचपण म्हणत आली होती, त्यानं ते सांभाळले होते.

बुधरी घरी आली. वाटेत तिनं उकरलेल्या मुळांवर माती सारली आणि वरून पाय देऊन दाबली. कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही. सांगायचं तरी काय? की ज्या कामासाठी तुम्ही माझं नाव घेता, त्याच कामानं मी रान मारत आले? आषाढ गेला, दिवाळी गेली, धान कापून झालं. ती गप्पच राहिली. सोमारीनं दोनदा विचारलं, "माय, जेवत काहून नाहीस?" तिनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

फाल्गुन आला. ठरल्या दिवशी सगळं गाव उतारावर जमलं. बायकांच्या हातात कोयते होते. झुरूनं खापरात विस्तव आणला आणि नेहमीप्रमाणे बुधरीच्या हातात दिला.

ती विस्तव घेऊन उभी राहिली. सगळे वाट बघत होते. तिनं खापर दगडावर ठेवलं, खांद्यावरचा तुंबा काढला आणि त्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं.

"काय झालं, काकी?" शेजारची मंगरी म्हणाली. मंगरी चाळिशीची, कामाला वाघ आणि जिभेला धार. जमीन साफ कशी ठेवायची हे ती बुधरीकडूनच शिकली होती.

"या," बुधरी म्हणाली. "दाखवते."

तिनं सगळ्यांना आपल्या झाडाखाली नेलं. स्वतःच्या हातानं माती काढली आणि ते जाड मूळ उघडं केलं. जळकी खुंटं तिनं सगळ्यांसमोर मोजली.

"हे दर साली उगवते," ती म्हणाली, "अन् दर साली मी जाळते. मले वाटे हे औंदाचं रोप. याचं वय सोमारीच्या बारा सालाच्या पोरीएवढं असंल. मी हे आषाढातच पाहिलं होतं. पाहिलं अन् झाकून ठेवलं. लाज वाटली."

मंगरी म्हणाली, "तूच शिकवलं, काकी. आता तूच मोडते? पाचोळ्यात साप असतात. पाचोळ्यातून एकेक फूल वेचायचं म्हणजे कंबर मोडते. आग दुपारभरात काम करते."

"खरं हाय. सोपी हाय म्हणूनच तर एवढी वर्षं लावली."

झुरू विचारात पडला होता. त्यानं विचारलं, "बाई, आग नाही लावली म्हणून गारा थांबतील? वादळ थांबेल?"

"नाही थांबणार, दादा. गारा माझ्या हातात नाही. वादळ माझ्या हातात नाही. विस्तव माझ्या हातात होता."

त्या दिवशी गावानं काही ठरवलं नाही. दोन घरं बुधरीच्या बाजूची झाली. बाकीच्यांनी आपापल्या झाडांखाली आग लावली. कुणी कुणी हसलंही. जन्मभर जाळलं आणि आता म्हातारपणी शहाणपण सुचलं, असं बोलणं तिच्या कानावर आलं. ते खोटं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

बुधरी आणि सोमारी खराटे घेऊन कामाला लागल्या. आगीचं दुपारचं काम त्यांना नऊ दिवस पुरलं. तळहाताला फोड आले. गोळा केलेला पाचोळा त्यांनी रोपांच्या भोवती पसरला. झाडांखाली त्यांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून अंथरले, म्हणजे फुलं त्यावर पडतील. आणि आपल्या हद्दीभोवती दोन हात रुंद पट्टा झाडून, खरवडून मातीचा ठेवला, म्हणजे दुसऱ्याची आग आत येणार नाही.

दहाव्या दिवशी वारा फिरला. मंगरीनं त्या दिवशी आपल्या उरलेल्या एका झाडाखाली लावलेली आग उतारावरच्या वाळक्या गवतात शिरली आणि बुधरीच्या झाडांकडे निघाली. सोमारी ओरडली, "माय, मागं हो." पण बुधरी पळसाची हिरवी फांदी मोडून पट्ट्यावर उभी राहिली होती. जिथे ठिणगी पडेल तिथे ती फांदी आपटत होती. धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मंगरीनं खालून ते पाहिलं. तिला वाटलं होतं, म्हातारीचं हे चार दिवसांचं खूळ आहे. जळत्या गवतासमोर उभ्या असलेल्या बुधरीला बघून ती धावत वर आली. मागून तिच्या घरच्या बायका आल्या. सगळ्यांनी मिळून आग झोडपली. बहुतेक आग त्या मातीच्या पट्ट्याशीच विझली. एका कोपऱ्यातून ती आत शिरली, चार-पाच रोपं आणि नुकतीच धरलेली करवंदाची एक जाळी जाळून थांबली. बुधरीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

मंगरी तिच्या हातावर तुंब्यातलं पाणी ओतत राहिली. ती म्हणाली, "माझ्या आगीनं हात भाजला, काकी."

"तुझी आग नव्हती ती," बुधरी म्हणाली. "मी शिकवलेली होती."

मंगरीनं मान खाली घातली आणि पाणी ओतत राहिली.

त्या वर्षी फुलं थोडीच मिळाली. कळ्या धरल्या आणि पुन्हा गारा पडल्या. बुधरीनं आग लावली नाही म्हणून आभाळ काही तिच्यावर खूष झालं नाही. पण पावसाळा लागला आणि त्या जाड मुळांनी वर्षानुवर्षं साठवलेला सगळा जोर वर लावला. श्रावणात रोपं गुडघ्याला आली. पुढच्या फाल्गुनात ती जळली नाहीत. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती कंबरेला लागली. जळून गेलेल्या कोपऱ्यातलीही दोन पुन्हा फुटली.

दुसऱ्या वर्षी मंगरीनं आपल्या झाडांखाली विस्तव नेला नाही, खराटा नेला. तिसऱ्या वर्षी झुरूनं गावाच्या बैठकीत सांगितलं की फाल्गुनात नऊ दिवस सगळ्यांनी एकमेकांच्या झाडांखाली झाडायला जायचं, म्हणजे एकट्या घरावर भार पडणार नाही. चौथ्या वर्षी कुणीच आग लावली नाही. धायटी परत आली, तिच्या लाल फुलांवर मधमाश्या आल्या. पाचोळ्याखालची माती चैत्रापर्यंत दमट राहू लागली. गुरं रोपांना तोंड लावायला गेली की करवंदाचे काटे त्यांना मागे लोटायचे.

हवा मात्र सुधारली नाही. एका आषाढात महिनाभर पाऊस दडी मारून बसला आणि बरीच रोपं वाळली. आणखी एका वादळात बुधरीचा तिसरा जुना मोह पडला. ती तेव्हाही त्याच्याजवळ जाऊन बसली. पण या वेळी तिच्या आजूबाजूला डोक्याच्या वर गेलेली सतरा झाडं उभी होती. तिनं जाणाऱ्या झाडाला हात लावला, उभ्या झाडांकडे पाहिलं आणि सोमारीनं हाक मारल्यावर उठून घरी आली.

वर्षं गेली. बुधरीचे गुडघे धरले. रानात जाणं बंद झालं. नव्या मोहांना फुलं यायला अजून वेळ होता. ती आपल्या हयातीत येतील की नाही याचा हिशेब तिनं कधी केला नाही.

एका चैत्रात सकाळी मंगरी तिच्या अंगणात आली आणि तिनं सुपात ओंजळभर मोहफुलं टाकली. मागून झुरूच्या घरून आली. मग आणखी एक घर, आणखी एक घर. सूप भरलं तशी बुधरी गोंधळली.

"हे कशासाठी गं?" तिनं मंगरीला विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मी काय केलं? आग लावली नाही, एवढंच."

"तेच कोणाले जमत नव्हतं, काकी," मंगरी म्हणाली. "झाडायले तर आम्ही सगळ्याच आलो. पण 'माझं चुकलं' असं म्हणत पहिली तू उभी राहिलीस. तू नसती बोललीस तर मी आजही विस्तव घेऊन गेली असती."

बुधरी सुपातली फुलं बोटांनी चाळत म्हणाली, "मी ज्या झाडांवर जगली ना, ती कधीतरी वीतभर असतील. तेव्हा कोणीतरी त्यांच्याजवळ आग येऊ दिली नसंल. तो माणूस की बाई, मले माहीत नाही. त्याले कधी सांगता आलं नाही की माझी पोर तुझ्यामुळं जगली."

तिनं एक फूल उचललं. रसानं भरलेलं, गोड. ते तिनं तोंडात टाकलं आणि सूप मंगरीपुढे सरकवलं. दोघी पायरीवर बसून खाऊ लागल्या.

तात्पर्य: ज्यानं आपल्याला पोसलं त्याच्यापुढे नुसते हात जोडून उपकार फिटत नाहीत. आपल्या ज्या सवयीनं त्याला इजा होते ती सवय दिसताच चारचौघांत कबूल करणं आणि सोडून देणं, ही खरी कृतज्ञता. सगळं संकट आपल्या हातात नसतं. पण जेवढं हातात आहे तेवढं तरी आपण थांबवावं.